तिसऱ्या प्रवेशातली शांतता

नभोनाट्य संपलं तरी ऋजुताला एका जागी बसवेना. ती ओट्यापाशी गेली आणि उगाच कपबशा विसळू लागली. नाटकातली आई तिनेच केली होती.

"तिसऱ्या प्रवेशाला तोड नाही!" हॉलमधून तिचा नवरा हृषीकेश म्हणाला. "मुलगा गेल्याचं कळतं आणि मग ती लांबलचक शांतता. ना संगीत, ना हुंदका. अंगावर काटा आला बघ."

ऋजुताचे हात थांबले. दिग्दर्शकाने तिथे बाकी सगळे आवाज काढून फक्त तिचं रडणं ठेवलं होतं. घसा बसेपर्यंत रडली होती ती.

नको ते आवाज गाळणारी, कानात बसवायची चाळणी आता सगळ्यांकडेच होती. कुणी हॉर्न गाळायचं, कुणी कुत्र्यांचं भुंकणं. हृषीकेशने काय गाळलंय, हे तिने कधी विचारलंच नव्हतं. त्यांचं बाळ गेलं त्या वर्षी ती रात्ररात्र त्याच्या शेजारी रडायची आणि तो शांत झोपायचा. दमला असेल बिचारा, म्हणून तीच त्याला पांघरूण घालायची.

भिंतीकडे तोंड करून ती मोठमोठ्याने रडू लागली.

"अगं," हॉलमधून त्याने विचारलं, "गप्प का झालीस?"