शेवटचा हात

ओलं फडकं काढलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाबांचं तोंड सरळ झालं होतं.

काल संध्याकाळी तिने ते मातीचं डोकं झाकून ठेवलं, तेव्हा ओठांचा डावा कोपरा खाली ओघळलेला होता. अर्धांगाचा झटका आल्यापासून बाबांचा असतो, तसा. तो कोपरा जमेना म्हणून तिने किती माती वाया घालवली असेल! ओठ कसाही ओढला तरी सोंगाड्यासारखा दिसायचा. मग एकदा बाबांना जेवताना बघता बघता तिला कळलं, चूक डोळ्याखालच्या गालात आहे. तिने गाल सैल केला आणि ओठ आपसूक जागेवर आला. त्या दिवशी ती स्टुडिओत एकटीच खुळ्यासारखी हसली होती.

आता तो गाल भरलेला, गुळगुळीत. ओठ मंद हसताहेत.

"सरांचा शेवटचा हात फिरलाय," शेजारच्या स्टँडवरून तिच्या वर्गातला जाड्या म्हणाला. "साचा घ्यायच्या आधी सगळ्यांवर फिरवतात. माझ्या आजोबांना बघ, कसले झकास दिसतायत."

तिने रांगेकडे पाहिलं. जाड्याचे आजोबा, कुणाची मावशी, कुणाचा तरी न्हावी. सगळ्यांना एकच तोंड. आणि ही शहाणी पोरं वर सरांचे आभार मानत होती!

"ही काय सुधारणा आहे? नासधूस आहे नुसती!" ती ओरडली.

सर दारातच होते. त्यांनी ऐकलं, पण रागावले नाहीत. ते तिला जास्तच झोंबलं.

"व्यंग काय, कुणीही दाखवेल," ते समजुतीने म्हणाले. "आपण माणूस सुंदर करायचा. आज बाबांना बोलावलंयस ना? बघ कसे खूश होतात ते."

बाबा आलेच. काठी टेकत, डावा पाय ओढत ते मातीच्या डोक्यासमोर येऊन थांबले. त्यांचा उजवा हात वर आला आणि स्वतःच्या गालावरून फिरला.

त्यांना हेच आवडलं तर? मग ती भांडत होती कुणासाठी?

"आवडलं का त्यांना?" सरांनी विचारलं. तिला विचारलं.

बँकेत असंच, दवाखान्यात असंच. बाबा समोर उभे आणि प्रश्न तिला. आजवर ती मुकाट्याने उत्तरं देत आली होती. आत्ताही तिने तोंड उघडलं होतं, तेवढ्यात बाबांनी काठी तिच्या हातात कोंबली. टेबलाला टेकून उभे राहिले. उजव्या हाताचा अंगठा त्यांनी मातीच्या ओठावर टेकवला आणि जोर लावून खाली ओढला. ओठ फाटला, हनुवटीपर्यंत चर गेला. जाड्याच्या हातातली कोरणी खाली पडली.

मग बाबा बोलले. शब्द नेहमीसारखेच एकमेकांत अडकलेले, अर्धे घशातच राहिलेले. तिला मात्र लख्ख कळले.

"तोंड माझं आहे."

सरांचा चेहरा उतरला होता. ते तिच्याकडे वळले. "काय म्हणाले ते?"

तिने काठी टेबलाला टेकवली, बाह्या वर सारल्या आणि बादलीत हात बुडवले. ओठ नंतर बघता आला असता. आधी गाल सैल करायला हवा होता.

"मी कामात आहे, सर," ती म्हणाली. "त्यांनाच विचारा."