अर्धी भाकर

विशी उलटली तरी हिरूला वार ओळीनं सांगता येत नव्हते. शेजारच्या वाडीतला नागूही तसाच. दोघं भाताची रोपं लावायच्या आवणीला एकाच शेतात असत. आता हिरूनं घरात सांगून टाकलं होतं, लगीन करीन तर नागूशीच.

"हिला लग्नातलं काय कळतंय?" चुलते गोमाकाका ओट्यावरून गरजले.

"भावजी, तिलाच इचारा ना," हिरूची आई म्हणाली.

"काय गं, कशाला हवाय नवरा?"

हिरू लाजली नाही. "दुपारी बांधावर मी त्याच्यासाठी अर्धी भाकर ठेवते. तो पन माझ्यासाठी अर्धी ठेवतो. मंग दोगांची उरते, ती आमी हसत खातो. आनि मला त्याच्या कुशीत निजायचं हाय."

काकांना खोकला आला. "माघात लावून टाकू," एवढंच म्हणून ते आपल्या घरी आले.

मैनाकाकू नेहमीसारखी ताट वाढून बाजूला उभी राहिली. काकांनी भाकर मोडली, अर्धी ताटाच्या कडेला सारली.

"तू जेवलीस काय गं?"

सून आली, नातवंडं झाली, पण या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं असतं, ते काकूला कळेना.