पाठीवरचं दळण

तिसऱ्या मजल्यावर स्वरूपाच्या पाठीला चटका बसला. पीठ गिरणीतून नुकतंच निघालं होतं. सॅकला आतून जाड अस्तर होतं, पण ते शिवणाऱ्याने बहुधा फक्त थंडीचा विचार केला असावा.

ती थांबली नाही. थांबायचं नाही, असं धनेशने बजावलं होतं. धनेश तिच्याच चाकणच्या कंपनीत वेल्डिंगचा सुपरवायझर होता आणि रविवारी गिर्यारोहक. भीमाशंकरपासून हरिश्चंद्रगडापर्यंत, आठ दिवस, तो कंपनीतल्या लोकांना डोंगराच्या धारेवरून चालवत नेणार होता. त्यातून जमणारा निधी गिधाडांसाठी होता. गुरांना टोचलेल्या औषधाने गिधाडं मरतात, म्हणून ते औषध न दिलेली मेलेली जनावरं डोंगरात नेऊन ठेवायची, म्हणजे त्यांना निर्धास्त जेवता येईल, अशी योजना होती. टी-शर्टवर मात्र बिबट्या छापला होता. गिधाड छातीवर घेऊन फिरायला एचआर तयार नव्हतं.

नाव आज संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं. नवरा गणराज म्हणाला होता, "माझं काही नाही. आईला विचार." महिनाभर स्वरूपा सरावाला जिने चढत होती आणि विचारायचं तेवढं राहत होतं. आज वर पोचल्या पोचल्या विचारायचं, धाप लागलेली असतानाच. धापा टाकणाऱ्या माणसाला लोक लांबलचक नकार देत नाहीत, असा तिचा अंदाज होता.

पहिले काही दिवस ती सॅकमध्ये दहा किलो गहू भरून नुसतीच वरखाली करायची. सासूबाईंनी, कौशल्याबाईंनी, ते दारातून पाहिलं. मग एकदा म्हणाल्या, "गहू खाली नेतीस आन् तसंच वर आणतीस. गिरणी वाटंतच हाय की." तेव्हापासून गहू खाली जायचे आणि पीठ वर यायचं. घरातले डबे भरले तशी शेजारची दळणं आली, मग कांदे, मग कुणाचा तरी मिक्सर. ओझं उगाच वाहायचं हे भोसरीतल्या त्या इमारतीत कुणालाच पटत नव्हतं.

आज दळण घरचंच होतं. पण पार्किंगमध्ये समोरच्या फ्लॅटमधल्या शालनबाई कलिंगड घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ते सॅकमध्ये वरून ठेवलं.

"शालनताई, लिफ्ट चालू आहे की."

"मी लिफ्टनंच चाललेय. पण कलिंगड लिफ्टनं नेऊन कुणाचं भलं होणार? तुझा व्यायाम तरी होईल."

 स्वरूपाने सॅकचे पट्टे आवळेपर्यंत लिफ्टचं दार लागलं होतं.

पाचव्या मजल्यावर मांड्या थरथरू लागल्या. हात कठड्याकडे गेला आणि तिने तो मागे घेतला. धारेवर कठडा नसतो. सहाव्यावर डोळ्यांत घाम गेला. तिने तो खांद्याने पुसला आणि पुढची पायरी घेतली.

सातव्यावर कौशल्याबाई उंबऱ्यात बसून गवार मोडत होत्या. शेजारी शालनबाई पदराने वारा घेत होत्या. लिफ्टमध्ये फार उकडलं असणार.

स्वरूपाने सॅक उतरवली. शालनबाईंनी कलिंगड काढून घेतलं, वाजवून पाहिलं आणि म्हणाल्या, "मावशी, सूनबाई डोंगरात चालल्यात म्हणे. आठ दिवस! गणराजभाऊ आमच्या ह्यांना सांगत होते. तुम्हाला ठाऊक असेलच."

कौशल्याबाईंचा हात थांबला. "कुठं?"

"हरिश्चंद्रगडापर्यंत. चालत." स्वरूपाने श्वास घेतला. "गिधाडांसाठी, आई. आज नाव द्यायचंय." पुन्हा श्वास. "मी जाणार आहे."

'जाऊ का' असं म्हणायचं ठरलं होतं. तोंडातून तसं निघालं नाही, आणि निघालेलं मागे घ्यावं असंही तिला वाटलं नाही.

"गिधाडांसाठी?" शालनबाई हसल्या. "अगं, वाघबिघ तरी बघायचा! ती मेली मढी खातात."

"मढीच खात्यात," कौशल्याबाई म्हणाल्या. "जित्या माणसाला न्हाई टोचीत."

शालनबाईंनी कलिंगड या हातातून त्या हातात घेतलं.

"आमची म्हैस गेली तवा हितंच वढ्याला टाकली व्हती." कौशल्याबाईंनी गवारीच्या शेंगेने खाली पार्किंगकडे दाखवलं. "सांजच्याला नुसती हाडं राह्यली. पुढं काही सालानं दुसरी गेली, तर आभाळात कोनच न्हाई. धा दीस वासानं दारं लावून जेवलो आमी. जेवलो म्हंजी, ताटावर बसलो."

 खालून कुणीतरी लिफ्ट बोलावली आणि ती घरघरत उतरली.

"ते खरं हो, मावशी," शालनबाई म्हणाल्या. "पण आठ दिवस म्हणजे थोडंथोडकं नाही. घरातल्या जेवणाखाणाचं काय? आता या वयात तुम्ही चुलीपाशी उभ्या राहणार?"

प्रश्न बरोबर जागी बसला होता. स्वरूपाही तोच प्रश्न महिनाभर सातही मजले वाहत होती. ती भिंतीला न टेकता उभी राहिली.

कौशल्याबाईंनी सुनेकडे पाहिलं. भिजलेला कुडता, खांद्यावर पट्ट्यांचे लाल वळ, कपाळावर पिठाचं पांढरं बोट. मग त्यांनी बसल्या बसल्या सॅक पुढे ओढली. ती एका हाताने हलेना, तेव्हा दोन्ही हात लावले.

"गिधाडांच्या जेवनाचं ती बघतीया," त्या शालनबाईंना म्हणाल्या. "आन् मी कशाला उभी राहू?"

त्यांनी पिठाची पिशवी बाहेर काढली आणि मान वळवून आत हाक मारली.

"गणराज, परात घिऊन ये."

आत टीव्हीवर चाललेली मॅच एकदम मुकी झाली.