बारीक आवाजाची कॉइल

संध्याकाळी कळमेश्वरला भीमगीतांचा सामना होता आणि देवाजींच्या साऊंड बॉक्समधून मंजिरीची किणकिण तेवढी गायब होती. ढोलकी येत होती, पेटी येत होती, अंजनाबाईंची मंजिरी मात्र कोणी गिळल्यासारखी. तीस वर्षं या गायन पार्टीचा साऊंड सांभाळलेल्या देवाजींनी निदान केलं, की बॉक्समधली बारीक आवाज गाळणारी कॉइल बिघडलीय आणि आता सगळाच बारीक आवाज खातेय. इतवारीच्या बाजारातून नवी आणून बसवली. फरक शून्य. मग त्यांनी तीही उपटली आणि तारेला तार जोडून सरळ बायपास केलं.

ढोलकीवाला प्रीतम कानांवर हात ठेवून ओरडला, "काका, बंद करा नं! कानात सुया टोचून राहिल्या!"

"तू ढोलकी बडव गा. साऊंडवाल्याचे कान अलग असते."

आजचा सामना गेला तर पार्टी दुसरा साऊंडवाला पाहणार, हे देवाजींना ठाऊक होतं. घाम पुसत त्यांनी माईक काढला, बॉक्स काढला, शेवटी ॲम्प्लिफायरचा प्लगच उपसला. अंजनाबाईंना हातभर अंतरावर बसवून मंजिरी वाजवायला सांगितलं आणि आवाज पारखताना नेहमी मिटायचे तसे डोळे मिटले. आता मध्ये ना तार, ना कॉइल.

बराच वेळ गेला.

"काहून थांबली वं, अंजनाबाई?" ते काकुळतीला येऊन म्हणाले. "वाजव नं!"



"थांबली कुठं गा, देवाजी? कवाची वाजवूनच राहिली नं!"