त्र्याहत्तर नंबर

तळ्याकाठच्या चर्चमध्ये त्या दिवशीच्या भजनांचे पुस्तकातले आकडे भिंतीवरच्या फळीवर लावत. क्लेमला आताशा माणसं ओळखू येत नव्हती, शेजारी बसलेली बायको मेव्हिससुद्धा. पण शर्यतीतल्या मोटरबोटींचे जुने नंबर मात्र जिभेवर होते. दर रविवारी तो फळी वाचायचा आणि मेव्हिस हसू दाबायची.

"बारा! हा बर्टी अटिंग. बोटीपेक्षा तोंडच जोरात चालायचं."

"हळू बोल रे, पाद्रीबाबा बघतायत."

"एकेचाळीस, रेग. लेकाचा बदकांच्या थव्यातच घुसला होता!"

पाद्रीबाबा नवे होते. जे भजन जुन्या मंडळींनी मेव्हिसवरच्या मायेपोटी इतकी वर्षं फळीवर येऊ दिलं नव्हतं, ते त्यांनी अजाणता शेवटी लावलं होतं. मेव्हिसनं क्लेमचा हात घट्ट धरला.

"त्र्याहत्तर..." क्लेमचा आवाज खाली आला. "पोरगं फार वेगात वळलं हो, बाई. बोट उलटली, ते वर आलंच नाही. त्याच्या आईला कुणी सांगितलं का?"

ऑर्गन सुरू झाला. सगळे गायला उभे राहिले.

"सांगितलं," मेव्हिस म्हणाली. "तूच घरी येऊन सांगितलंस."