‘ब’ ट्रेचे गुण

‘ब’ ट्रेमधली रोपं तिला आज पुन्हा माना टाकून उभी दिसली. शेजारीच ‘अ’ ट्रे, तोच गरम कक्ष, तेवढंच पाणी, आणि तिथली रोपं मात्र टवटवीत. तिने ‘ब’ची पानं एकेक करून बोटांनी उचलली, खालून-वरून पाहिली आणि गुण दिले. कालच्यापेक्षाही कमी.

प्रयोग साधा होता. एका झाडाला वाढताना भरपूर पाणी मिळालं होतं, दुसऱ्याला तहानेने अगदी टेकीला आणलं होतं. आईने सोसलेलं बियांतून लेकरांत उतरतं का, एवढंच पाहायचं. ट्रे प्रयोगशाळेतल्या सरांनी स्वतः लावले होते. कुठला ट्रे कुणाचा, ते बघणाऱ्याला सांगत नाहीत, नाहीतर डोळे मनासारखं पाहतात. एरवी सर तासन्‌तास गप्पा मारत, पण या बाबतीत तोंडाला कुलूप.

तिला सांगायची गरजच नव्हती. ती इथे नवी असली तरी आंधळी नव्हती. ‘ब’मधलं एक रोप उशिरा उगवलं तेव्हाच तिने ओळखलं, ही तहानलेलीची लेकरं. तेव्हापासून तिचा जीव त्याच ट्रेत अडकला होता. येता-जाता ती त्यांनाच हात लावून बघायची.

एकदा नवरा तिचा विसरलेला डबा द्यायला आला. काचेला नाक लावून त्याने बराच वेळ पाहिलं.

“मला तर दोन्ही सारखेच दिसतात गं.”

“तुला तुझे दोन निळे शर्ट तरी वेगळे ओळखू येतात का?”

तो हसला. खरंच येत नव्हते.

घरी ठकी होती. ठकी हे नवऱ्यानेच ठेवलेलं नाव. दत्तक घेण्याआधी संस्था मुलाला काही महिने घरी राहायला देते, एकमेकांची सवय होते का ते पाहते. ते महिने चालू होते. ठकी चांगली बोलायच्या वयाची होती, पण या घरात तिने अजून तोंड उघडलं नव्हतं. मिक्सर लावला की ती टेबलाखाली. बिस्किट दिलं की अर्धं पोटात, अर्धं उशीखाली. झोपेतून दचकून उठायची आणि रडायची नाही, नुसती भिंतीला चिकटून बसायची.

संस्थेच्या बाई पहिल्या भेटीत बोलून गेल्या होत्या, “ही पोटात असताना हिच्या आईचे फार हाल झाले हो.” ते वाक्य तिच्या डोक्यात घर करून बसलं.

“नव्या घरी कुठलंही मूल बावरतं,” नवरा म्हणायचा. “त्यात तू तिच्याकडे अशी टक लावून बसतेस, की एक दिवस मीसुद्धा टेबलाखाली जाईन.”

“थट्टा नको. हे वरवरचं नाही. आत मुरलेलं आहे. मी रोज बघते आहे ना.”

“कुठे? झाडांत?”

ठकी तिला आवडत नव्हती असं मुळीच नाही. आवडत होती, म्हणूनच भीती वाटत होती. जे बदलणारच नाही ते बदलण्यासाठी वर्षानुवर्षं झटायचं आणि शेवटी हात टेकायचे, हे तिला झेपणार नव्हतं. आणि हात टेकलेली आई त्या पोरीच्या वाट्याला येऊ नये, असंही तिला मनापासून वाटत होतं.

मग संस्थेचा फोन आला. दुसऱ्या गावातलं एक जोडपं तयार होतं. तुम्ही ठेवणार असाल तर आत्ता सांगा, नसाल तरी आत्ताच सांगा. एकदा नाही म्हटलंत की मूल परत मागता येणार नाही.

ती सरांकडे गेली. “सर, ट्रे कुणाचे ते आता सांगा.”

“अजून थोडं थांबलीस तर बरं.”

“थांबून काय होणार? ‘ब’मधली रोपं खंगत चालली आहेत. फरक डोळ्यांना दिसतो.”

“नक्की?”

“नक्की.”

सर तिच्याकडे बघत राहिले. “बरं. सोमवारी दुपारी बसू.”

ठकीला न्यायला संस्थेची गाडी सोमवारी सकाळीच येणार होती. रविवारी नवऱ्याने शेवटचं विचारलं, “निदान तुझा निकाल तरी येऊ दे. दुपारपर्यंत थांबवू या त्यांना.”

“निकाल मला पाठ आहे.”

तो उठून ठकीच्या कपड्यांच्या घड्या घालायला लागला.

सकाळी ठकी रडली नाही. नवऱ्याच्या शर्टाचं बटण तिने घट्ट धरून ठेवलं होतं, तेवढं सोडवावं लागलं. गाडी वळली, तसा तो आत जाऊन दार लावून बसला. ती बाहेरूनच म्हणाली, “तिच्या भल्यासाठीच आहे रे.” मग तिने तोंड धुतलं आणि कामावर गेली.

दुपारी सरांनी दोघांसाठी चहा मागवला. तिचे गुण शांतपणे वाचले. ‘अ’चे चढत गेलेले, ‘ब’चे घसरत गेलेले.

“‘ब’ म्हणजे तहानलेल्या झाडाचं बी,” ती म्हणाली. “बरोबर ना?”

“अगं, मनाला लावून घेऊ नकोस,” सर हसून म्हणाले आणि त्यांनी तिच्यापुढे चहा सरकवला. “नवीन माणसाला पहिल्या खेपेला आम्ही दोन्ही ट्रेंत एकाच झाडाचं बी देतो. पोटभर पाणी प्यायलेल्या झाडाचं. कोणाचे डोळे कुठे चुकतात ते आधी कळलेलं बरं. चल, आता खरा प्रयोग लावू.”