चांदी न घातलेला काढा

सोलापूरच्या एका कॉलेजात चेतना तरवडाच्या पाल्याच्या काढ्यातून धातूचे अतिसूक्ष्म कण तयार करायची. काढ्यात चांदीचा क्षार पडला की तो तपकिरी होतो, सोन्याचा पडला की लाल; पण सोन्याचा महाग, म्हणून ती चांदीचाच वापरायची. तुलनेसाठी एका फ्लास्कात ती नुसताच काढा ठेवायची.

सोमवारी तो नुसता काढाच तपकिरी झाला.

पाला लॅब असिस्टंट सुबोध आणायचा, मोहोळच्या माळावरून. लॅबमध्ये त्या दोघांशिवाय कोणी यायचं नाही.

"सुबोध, तूच यात काहीतरी घातलंयस."

"न्हाय मॅडम. चांदीचं पाणी लागलं तर बोटं काळी पडत्यात की. बघा माझी."

बोटं स्वच्छ होती. तरी तिच्या मनातली पाल चुकचुकतच राहिली. तिनं नवा काढा स्वतः केला, कपाटात ठेवून कुलूप घातलं आणि किल्ली घरी नेली.

सकाळी लॅबच्या दाराशी चपला काढताना तिच्या पायातलं जोडवं घरंगळलं. साबण लावूनही कधी न निघणारं ते जोडवं तारेएवढं बारीक झालं होतं. ते मुठीत धरून तिनं कुलूप उघडलं.

काढा तपकिरी होता.

तिनं वळून मागोमाग आलेल्या सुबोधकडे रोखून पाहिलं. तो फ्लास्ककडे बघत होता.

"मॅडम, ह्यो लाल व्हायलाय. आपल्याकडं सोनं कुटं हाय?"

चेतनाचा हात गळ्याकडे गेला. मंगळसूत्राचे काळे मणी बोटांना लागले. वाट्या मात्र ती चाचपतच राहिली.